रामेश्वरचे नावाडी जैनुलाबदीन मरकायर

काशीची गंगा नेऊन रामेश्वरावर घालावी आणि सेतूची वाळू प्रयागास नेऊन त्रिवेणीत सोडावी, तेव्हा यात्रा पुरी होते, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मानीत आले आहेत. आगगाडी नव्हती त्या काळी ही यात्रा पायी होत असे. निघालेला माणूस परत येईलच असा भरवसा नसे, म्हणून देणी-घेणी फेडून आणि शेतीवाडी मुलांच्या स्वाधीन करून लोक घराबाहेर पडत. पैठणच्या एकनाथ महाराजांनी रामेश्वरासाठी आणलेली कावडीतील गंगा वाटेत तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातली, ही कथा तर लहान पोरासही ठाऊक आहे. रामेश्वर हे असे आपल्या घरातलेच नाव. परंतु रामेश्वर हे एक बेट आहे, त्याच्या चारही अंगांनी खारे पाणी आहे, आणि पूर्वी तेथे पोचावयाचे म्हणजे कोणातरी नावाड्याच्या होडीत पाय ठेवावा लागत असे, ही गोष्ट सहसा ध्यानात राहत नाही. देवाचे नाव राहते, तीर्थाचे राहते, देणगी देणाऱ्याचेही पाटीवर राहते. पार पोचविणाऱ्याचे नाव कोणी विचारीत नाही.

त्या नावाड्यांपैकी एकाचे नाव मात्र राहिले. ते म्हणजे जैनुलाबदीन मरकायर. भारताचे माजी राष्ट्रपती दिवंगत डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे ते वडील होत. मुलाच्या नावापुढील तीन आद्याक्षरांपैकी 'जे' हे अक्षर म्हणजे जैनुलाबदीन. देवळाच्या जीर्णोद्धाराच्या स्मरणिकेत एका मुसलमान नावाड्याचे चरित्र कशाला, असे कोणी विचारील. रामेश्वरच्या देवळाने त्या घराण्याला काय मान दिला हे पुढे येईल, तेव्हा ही शंका राहणार नाही.

जैनुलाबदीन १९७६ साली वारले, तेव्हा त्यांचे वय १०२ वर्षांचे होते. त्या हिशोबाने त्यांचा जन्म १८७४ च्या सुमारास झाला असे धरावे लागते. मरकायर ही तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील तमिळ बोलणारी मुसलमान मंडळी. पूर्वापार दर्यावर्दी. या नावाचा संबंध लाकडी गलबताला असलेल्या तमिळ शब्दाशी लावतात. जैनुलाबदीन यांच्या वाडवडिलांच्या होड्या होत्या, जागाजमीन होती. मंडपम् हे मुख्य भूमीवरील शेवटचे गाव आणि पांबन हे बेटावरील पहिले, या दोहोंमध्ये सुमारे दोन किलोमीटरची खाडी आहे. ती ओलांडून यात्रेकरू आणावयाचे व परत पोचवावयाचे, शिवाय वाणसामानाची ने-आण करावयाची आणि समोरच्या सिंहलद्वीपाशी थोडा व्यापारही करावयाचा, असा त्या घराचा धंदा होता व तो चांगला चालला होता.

१९१४ सालच्या २४ फेब्रुवारीस पांबनचा रेल्वेपूल सुरू झाला. समुद्रावर बांधलेला तो हिंदुस्थानातील पहिला पूल. जहाज आले म्हणजे मधला भाग दोहोंकडे उचलला जाई, ते पाहण्यास लोक मुद्दाम जात. मद्रासेहून गाडीत बसलेला यात्रेकरू थेट बेटावर उतरू लागला. सोय मोठी झाली यात शंका नाही. पण खाडीवर पूल झाला की तरीवाल्याच्या पोटावर पाय येतो, हे आपल्या किनारपट्टीसही नवीन नाही. मरकायरांच्या होड्यांचे तेच झाले. धंदा बसला, हळूहळू जागाजमीन गेली, आणि शेवटी राहिले ते मशिदीच्या रस्त्यावरील चुन्या-विटांचे जुने राहते घर आणि गावापासून चार मैलांवरची एक लहानशी नारळाची वाडी. त्या वेळी जैनुलाबदीन चाळिशीत होते. भरल्या घरातून उतरत्या घरात येणे हे माणसाच्या स्वभावाची परीक्षा पाहणारे असते. कोणी कज्जेदलाली करतो, कोणी दैवाला बोल लावीत बसतो. यांनी घरातील अनावश्यक खर्च बंद केला आणि आवश्यक ते कशाचेही कमी पडू दिले नाही. अन्न, औषध, वस्त्र यांची ददात त्या घरात कधी नव्हती, असे त्यांच्या मुलाने पुढे आवर्जून लिहून ठेवले आहे.

आता देवळाच्या मानाची हकीकत. ती या घराण्यात वडिलांकडून मुलास सांगत आलेली आहे. रामेश्वरच्या देवाची मूर्ती एका उत्सवात मिरवणुकीने तळ्याभोवती नेत असता पाण्यात पडली. तळे खोल. लोक घाबरले, काय करावे कोणास सुचेना. काठावरच्या गर्दीत जैनुलाबदीन यांचा एक पूर्वज उभा होता. त्याने मागचा-पुढचा विचार न करता पाण्यात उडी घेतली व थोड्याच वेळात मूर्ती वर काढून पुजाऱ्यांच्या हाती दिली. ज्याला जन्मभर पाण्याची सवय, त्यालाच ते शक्य होते. पण पोहता येणे वेगळे आणि उडी घेणे वेगळे. तो मुसलमान आहे हे गावास ठाऊक होते. त्याचा हात मूर्तीस लागला म्हणून कुजबुज करणारेही निघाले असते, आणि त्या काळात ते सहज निभावूनही गेले असते. झाले ते निराळेच. देवस्थानाने या मनुष्यास उत्सवातील पहिला मान दिला. तमिळमध्ये त्यास 'मुदल मरियादै' म्हणतात. तो मान पुढे त्याच्या वंशाकडे चालू राहिला आणि तसाच जैनुलाबदीन यांच्यापर्यंत आला.

पहिला मान म्हणजे काय, हे ज्या गावात जत्रा भरते त्या गावास सांगावयास नको. पालखीस पहिला खांदा कोणाचा, पहिला नारळ कोणाचा, विडा आधी कोणास द्यावयाचा, यावरून सख्खे भाऊ वर्षानुवर्षे बोलत नाहीत. प्रकरणे मामलेदार कचेरीत येतात, तेथून कोर्टात जातात, आणि देव बिचारा देवळात कुलपाआड बसून राहतो. तेथे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असलेल्या देवस्थानाने आपला पहिला मान दुसऱ्या धर्माच्या नावाड्याच्या घरी दिला व तो पिढ्यान्‌पिढ्या चालविला.

केवळ मान घेऊन हे घराणे स्वस्थ बसले नव्हते. रामेश्वरास दर वर्षी सीतारामकल्याण म्हणजे सीतारामाच्या लग्नाचा सोहळा होतो. घरापासून जवळच रामतीर्थ नावाचे तळे आहे, त्याच्या मध्यभागी लग्नाचा मंडप. देवळातील मूर्ती तेथवर पाण्यातून न्यावयाच्या, त्यासाठी खास चौथरा बांधलेल्या होड्या लागत. त्या होड्यांची व्यवस्था मरकायरांच्या घरची. घरातील मुलांना रात्री झोपताना आई आणि आजी रामायणातील गोष्टी सांगत व पैगंबरसाहेबांच्या चरित्रातीलही सांगत. नवरदेवाचा वरातीचा घोडा ज्याच्या घरचा, त्याच्या घरी लग्नाच्या गोष्टी निघणारच.

जैनुलाबदीन यांचे स्वतःचे शिक्षण फारसे नव्हते आणि श्रीमंती तर नव्हतीच. मशिदीत ते इमामाचे काम पाहत. पहाटे चार वाजता उठून नमाज पढावयाचा, मग चार मैल चालत नारळाच्या वाडीत जावयाचे, डझनभर नारळ बांधून खांद्यावर टाकून परत यावयाचे आणि मगच न्याहारी करावयाची, हा त्यांचा क्रम साठी उलटून गेल्यावरही चालू होता. सुक्या नारळाचे ओझे काय असते हे वाडीवाल्यांनीच ओळखावे.

त्यांच्या पत्नी आशियाम्मा. चांगल्या घराण्यातील, पूर्वजांपैकी एकास 'बहादूर' हा किताब मिळालेला. या माउलीच्या हातचे रोज किती माणसे जेवत, त्याचा हिशोब कोणी ठेवला नाही. पण घरच्या माणसांपेक्षा बाहेरचीच जास्त असत, एवढे निश्चित. चार मुलगे, एक मुलगी, शिवाय त्याच छपराखाली नातेवाइकांचा गोतावळा. दोघा नवरा-बायकोंची जोडी गावात आदर्श मानली जाई.

संध्याकाळी नमाज आटोपून जैनुलाबदीन मशिदीबाहेर आले की पायऱ्यांशी निरनिराळ्या धर्मांची माणसे पाण्याने भरलेली भांडी घेऊन उभी असत. ते प्रत्येक भांड्यात बोटे बुडवून प्रार्थना म्हणत, आणि लोक ते पाणी घरी आजारी माणसासाठी नेत. गुण आला म्हणजे आभार मानण्यास पुन्हा येत. तेव्हा ते हसून आभार अल्लाचे माना म्हणून सांगत. पाण्यात औषध होते की नाही याचा खल येथे करण्याचे कारण नाही. एवढे खरे की त्यासाठी त्यांनी कोणाकडून काही घेतले नाही आणि त्याचा बाजारही मांडला नाही.

सन १९३७ च्या सुमारास, म्हणजे धाकटा मुलगा अब्दुल सहा वर्षांचा असताना, जैनुलाबदीन यांनी नवी शिडाची होडी बांधावयास घेतली. वयाचा हिशोब केला तर ते त्या वेळी साठीच्या पुढे होते. ज्या वयात मनुष्य ओटीवर बसून नातवंडांना हाका मारतो, त्या वयात हे गृहस्थ समुद्रकाठी फळ्या तासावयास बसले. पुलामुळे खाडी ओलांडण्याचा धंदा गेला होता; पण रामेश्वराहून धनुष्कोडीला जाणारे यात्रेकरू होते. धनुष्कोडी म्हणजे बेटाचे शेवटचे टोक. दोन समुद्र तेथे मिळतात. प्रभू रामचंद्रांनी सेतू बांधला तो येथूनच, अशी श्रद्धा असल्याने त्या संगमावर स्नान केल्यावाचून भाविक परतत नसे. रेल्वे होती, तरी होडीने जाणारेही पुष्कळ असत.

होडी बांधण्यास हाताशी होता जलालुद्दीन नावाचा नात्यातला तरुण. तो पुढे त्यांचा जावई झाला. लाकूड आणावयाचे, चिरावयाचे, सांगाडा उभा करावयाचा, आणि फळी बाकदार बसावी व पाण्यात फुगू नये म्हणून ती लाकडाच्या विस्तवावर शेकून पक्की करावयाची, असे काम कित्येक दिवस चालले. सहा वर्षांचा मुलगा शाळेतून सुटला की तेथे येऊन बसे. ज्याने आपल्या वडिलांना होडी बांधताना पाहिले आहे, त्याला त्या मुलाचे काय होत असेल हे कळेल. आज नुसता सांगाडा असतो, उद्या त्यास पोट येते, परवा नाळ दिसू लागते, आणि एके दिवशी ते लाकूड राहत नाही, होडी होते. पुढे अग्निबाण बांधणाऱ्या माणसाने काहीतरी उभे राहताना पहिल्यांदा पाहिले ते हे.

होडी पाण्यात पडली व चांगली चालली. यात्रेकरू भरून येऊ लागले. त्यात महाराष्ट्रातून गेलेली कितीतरी मंडळी असतील. मुलगाही बापाबरोबर होडीत बसून जाई, आणि यात्रेकरूंच्या तोंडून सेतुबंधाच्या कथा ऐके. नाना भाषा, नाना वेष, आणि सगळ्यांची ओढ त्या एका टोकाकडे.

आणि मग वादळ आले. त्या किनाऱ्यास वादळ नवे नाही. रात्रभर वारा घोंगावत राहिला आणि सकाळी पाहतात तो होडी नाही. महिनोन्‌महिने दोन माणसांच्या हातांनी बांधलेली आणि साऱ्या घराची भाकर जिच्यावर, ती होडी समुद्राने नेली. विम्याची भाषा त्या काळी नावाड्यास ठाऊक नव्हती आणि सरकारी मदतीचीही नव्हती. मुलाला रडू आवरेना. वडिलांनी आकांत केला नाही आणि कोणास दोषही दिला नाही. देवळात ज्याच्या घराण्याचा पहिला मान आहे आणि मशिदीत जो स्वतः नमाज पढवितो, त्याच्याच होडीवर हे संकट का, असा प्रश्न त्यांच्या जागी दुसऱ्या कोणी विचारला असता. जैनुलाबदीन यांनी तो विचारल्याचे दिसत नाही. पुढे दुसरी होडी आली आणि यात्रेकरूंची ने-आण पुन्हा सुरू झाली.

रामेश्वर देवस्थानचे मुख्य पुजारी पक्षी लक्ष्मणशास्त्री हे जैनुलाबदीन यांचे जिवलग मित्र. शास्त्रीबुवा सोवळ्या-ओवळ्याचे, कडक आचाराचे. हे इमाम, तेही तितकेच निष्ठावंत. दोघेही आपापल्या पारंपरिक पोशाखात बसून परमार्थाच्या गोष्टी करीत. बेटावर पहिले ख्रिस्ती देऊळ बांधणारे फादर बोडल हे तिसरे. हे तिघे एकत्र बसत आणि गावाचे प्रश्न बोलून मिटवीत. आपला धर्म कोणी सोडला नाही, सोडावा असे कोणी म्हटलेही नाही. असे तीन वडीलधारे एका ओटीवर बसत असल्यावर गावात भांडण पेटविणाऱ्याचे फारसे चालत नाही.

याचा प्रत्यय लवकरच आला. अब्दुल व शास्त्रीबुवांचा मुलगा रामनाथ हे एका वर्गात, एकाच बाकावर, पहिल्या रांगेत बसत. नवीन मास्तर आले. टोपीवाला मुसलमान मुलगा पुजाऱ्याच्या जानवेवाल्या मुलाशेजारी बसलेला त्यांना रुचला नाही. त्यांनी अब्दुलला उठवून मागच्या बाकावर बसविले. तो तर हिरमुसलाच, पण रामनाथाच्या डोळ्यांत पाणी आले. दोघांनी घरी जाऊन सांगितले. यात रागावण्याचा हक्क जैनुलाबदीन यांचा होता. पण पाऊल उचलले ते शास्त्रीबुवांनी. मास्तरांना बोलावून घेऊन, मुलांच्या देखत, कोवळ्या मनांत विष कालवू नका, एकतर क्षमा मागा नाहीतर शाळा सोडून जा, असे त्यांनी स्पष्ट शब्दांत सुनावले. मास्तरांनी क्षमा मागितली आणि पुढे ते मनापासून सुधारले. मित्राच्या मुलासाठी आपण होऊन उभा राहणारा असा शेजारी मिळणे ही जैनुलाबदीन यांच्या जन्माची खरी मिळकत म्हटली पाहिजे.

मुलांच्या शिक्षणाविषयी मात्र त्यांचे धोरण काटेकोर होते. अब्दुल पहाटे चारला गणिताच्या शिकवणीस जाई. त्याच्याही आधी आशियाम्मा उठून त्याला न्हाऊ घालून तयार करीत. पाचला तो परत आला की वडील वाट पाहत उभे. त्याला नमाजासाठी व अरबी शाळेत कुराण शिकण्यासाठी घेऊन जात. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत रामेश्वरास गाडी थांबेनाशी झाली, तेव्हा वर्तमानपत्रांचे गठ्ठे चालत्या गाडीतून खाली टाकले जात. ते उचलून घरोघर वाटण्यात अब्दुल आपल्या चुलतभावास मदत करी व चार पैसे मिळवी. घरात वीज नव्हती. रॉकेल मोजून वापरावयाचे, पण या मुलाने रात्री अभ्यास करावा म्हणून आई एक चिमणी वेगळी राखून ठेवी. रेशनच्या टंचाईत एकदा मुलगा मागेल तितक्या चपात्या आईने वाढल्या. जेवण झाल्यावर थोरल्या भावाने त्याला बाजूस घेऊन सांगितले, की आईने स्वतःच्या वाटच्याही तुलाच दिल्या. मुलगा धावत जाऊन आईच्या कुशीत शिरला.

बेटावर पुढील शिक्षणाची सोय नव्हती. मुलाने रामनाथपुरमच्या श्वार्ट्झ हायस्कुलात जावे असे ठरले, तेव्हा आईचा पाय घरातून निघेना. वडिलांनीच तिची समजूत घातली की मुले आपली असली तरी त्यांना त्यांच्या वाटेने जाऊ दिले पाहिजे. जैनुलाबदीन यांची एक इच्छा होती. मुलाने शिकून कलेक्टर व्हावे. गावच्या माणसाला सरकारात सर्वांत मोठा दिसतो तो कलेक्टरच, त्यामुळे यात नवल नाही. मुलगा तिरुचिरापल्लीस सेंट जोसेफ कॉलेजात गेला. तेथून मद्रासच्या तंत्रज्ञान संस्थेत प्रवेश मिळाला, पण सुमारे हजार रुपये हवेत. एवढी रक्कम वडिलांजवळ नव्हती. बहीण जोहराने आपल्या सोन्याच्या बांगड्या व साखळी गहाण ठेवली, जावई जलालुद्दीन पाठीशी उभे राहिले, आणि पैसे भरले गेले. माहेरच्या भावासाठी हातातले सोने उतरविणारी बहीण आणि त्यास ना न म्हणणारा जावई, ही त्या घराची शिकवण होती.

देश १९४७ साली स्वतंत्र झाला, त्या सुमारास रामेश्वरच्या पंचायतीची निवडणूक होऊन जैनुलाबदीन अध्यक्ष झाले. वय सत्तरीच्या पुढचे. जात, धर्म, पैसा यांतील कशाच्याही जोरावर ते निवडून आले नव्हते. आता अध्यक्षपद मिळाले की पाठोपाठ टोपल्या घरी येऊ लागतात, हे पंचायतीचा कारभार पाहिलेल्या कोणासही ठाऊक आहे. एका संध्याकाळी वडील नमाजास गेलेले, आई आत प्रार्थनेत, आणि अब्दुल मोठ्याने धडे वाचीत बसला होता. एक गृहस्थ आला, अध्यक्षांसाठी काही आणले आहे म्हणाला. मुलाने पलंगावर ठेवा म्हणून सांगितले व तो पुन्हा वाचू लागला. वडील परत येऊन पाहतात तो उंची धोतर, उपरणे, फळे, मिठाई आणि नावाची चिठ्ठी. मुलावर त्यांनी जन्मात कधी हात उगारला नव्हता. त्या दिवशी मात्र त्यांनी त्याला चांगलाच मारला. मुलगा भेदरून रडू लागला. मग राग शांत झाल्यावर त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी त्याला समजावून सांगितले, की अधिकारावर असलेल्या माणसाकडे येणारी भेट कधीही फुकट नसते, तिच्या मागे काही काम असते. आपल्या परवानगीवाचून कोणाचे काही घ्यावयाचे नाही. पुढे राष्ट्रपती झाल्यावरही कलाम ही हकीकत सांगत असत. तो मार त्यांच्या अंगावरून गेला असेल, मनावरून गेला नाही.

मुलगा कलेक्टर झाला नाही. तो केरळात थुंबा या मच्छीमार वस्तीजवळच्या अग्निबाण केंद्रावर काम करू लागला. नावाड्याच्या मुलास पुन्हा समुद्रकाठच मिळाला. वडील बेटावरच राहिले. १९६४ साली डिसेंबरच्या २२ तारखेच्या रात्री जे वादळ झाले, त्यात धनुष्कोडी गाव नाहीसे झाले, प्रवाशांनी भरलेली गाडी लाटांनी गिळली, पांबनच्या पुलाचे बरेचसे गाळे वाहून गेले. पूल दीड महिन्यात पुन्हा उभा राहिला. धनुष्कोडी मात्र पुन्हा वसले नाही. नव्वदीच्या घरातील जैनुलाबदीन तेव्हा बेटावर होते. ज्या टोकाला त्यांनी इतकी माणसे पोचविली, तेथे स्टेशनाच्या आणि प्रार्थनामंदिराच्या भिंती तेवढ्या उरल्या.

शंभरी ओलांडल्यावर त्यांना मोठे दुःख पाहावे लागले. जावई जलालुद्दीन वारले. ज्याच्या बरोबरीने होडी बांधली तो तरुण सासऱ्याच्या आधी गेला. कलाम रात्रभर प्रवास करून घरी आले, ते पुरते खचले होते. त्यांना धीर दिला तो शंभरीच्या वडिलांनी. स्वतःच्या मुलीचे कुंकू गेलेले डोळ्यांसमोर असताना हा वृद्ध मुलाचा हात धरून ईश्वराच्या इच्छेविषयी शांतपणे बोलत बसला.

१९७६ साली जैनुलाबदीन यांनी रामेश्वरातच देह ठेवला. मागे पत्नी, मुले, पंधरा नातवंडे आणि एक पणतू असा परिवार होता. १९८० साली मुलाचा अग्निबाण उपग्रह घेऊन आकाशात गेला आणि २००२ साली तो राष्ट्रपती झाला. यातले काहीच त्यांनी पाहिले नाही. आशियाम्मांनी पतीचे घर सोडून दुसरीकडे जाण्याचे मनात आणले नाही. थोड्याच काळात त्याही गेल्या. २०१५ सालच्या जुलैच्या ३० तारखेस कलामांना त्याच बेटाच्या मातीत ठेवण्यात आले. देवळापासून दहा मिनिटांच्या चालीवर, मशिदीच्या रस्त्यावर ते घर आहे. रामनाथस्वामींचे दर्शन व बावीस तीर्थांचे स्नान आटोपल्यावर यात्रेकरू त्या दारी जातात.